पंच क्रमांक एक

वडपे,
९ डिसेंबर

प्रिय उन्नती,

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्ये बोलशील, आणि तू बोललीस की मी थांबेन. म्हणून लिहितो. घरी ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडीने धरला आहे, पण गच्चीवर सुकट वाळत घालायला ती दिवसातून चारदा चढते. समोरच्या गोदामाला तिसरा मालक आला. सर्व्हिस रोड पुन्हा खणला. आता जे लिहायचं ते लिहितो. सव्वीस दिवसांपूर्वी आपल्या वजनकाट्यापासून चाळीस पावलांवर पोलिसांनी दर्शनची पिकअप अडवली, झडती घेतली आणि त्यात गुटख्याची चार पोती सापडली असं लिहिलं. ते प्रकरण वकील म्हणून तुझ्याकडे आलं होतं. तू कागद परत दिलेस. तुझ्याकडे तेव्हा फक्त एफआयआरची प्रत होती आणि तिच्यात 'दोन पंचांसमक्ष' एवढंच होतं. त्या दोघांतला पहिला मी आहे.

दर्शन तुला चेहऱ्याने आठवणार नाही. अंबाडीच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावरचा. वडपेच्या गोदामातून सूत भरायचं आणि नारपोलीच्या लूमवर उतरवायचं, रोजच्या दोन फेऱ्या. दोन्ही वेळा वजन आपल्याकडे. बाकीचे चालक गाडी काट्यावर घालतात आणि इंजिन चालूच ठेवतात, आकडा थरथरत राहतो, मग मी काचेतून हात करतो आणि ते मला मनातल्या मनात शिव्या देतात. दर्शन इंजिन बंद करून खाली उतरायचा, काट्यावरून बाजूला होऊन उभा राहायचा. चार वर्षांत त्याला हे एकदाही सांगावं लागलं नाही. माझी त्याची ओळख एवढीच. एवढीच होती हे लक्षात ठेव.

तुझं शिबिर तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, आपल्या काट्याच्या आवारात. खुर्च्या मी मागवल्या होत्या, चहा माझा होता, आणि मी मागे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो की बोलतेय ती माझी मुलगी. तू पिवळं कार्ड वाटलंस, 'गाडी अडवली तर'. कागद मोबाइलवर दाखवले तरी चालतात. किल्ली कोणी काढून घेऊ शकत नाही. झडती घ्यायची तर कारण विचारा, दोन त्रयस्थ माणसं समोर हवीत, चित्रीकरण करायला सांगा, जे जप्त होईल त्याच्या यादीची प्रत मागा. एक ट्रेलरवाला म्हणाला होता, "मॅडम, ये कार्ड दिखाया तो चालान डबल होगा." सगळे हसले. तूही हसलीस आणि म्हणालीस, दाखवू नका, पाठ करा. दर्शनने ते पाठ केलं होतं. शंभरेक चालकांपैकी त्या एकाने.

गाडी अडवली तेव्हाचं मी पाहिलेलं नाही. ते मला पंक्चरवाल्या नामाने सांगितलं, त्याचं दुकान बरोबर समोर आहे. दौलत हवालदार आणि आणखी दोघे जीपमध्ये होते. कागद मागितले, दर्शनने मोबाइलवर दाखवले. किल्ली मागितली, त्याने दिली नाही. ताडपत्री सोड म्हणाले. तो म्हणाला, "साहेब, कारन काय तां सांगा. झडती घेवा, मी न्हाय म्हनत न्हाय. पन दोन मानसं बोलवा आन मोबाईलात शूटिंग काढा." आवाज चढवला नव्हता, नामा म्हणतो, शाळेत कविता म्हणतात तसं म्हणाला. दौलत जीपकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का? अंबाडीचे वकीलसाहेब आलेत." मग त्याच्या कानाखाली मारली, किल्ली काढून घेतली आणि त्याला जीपमध्ये मागे बसवलं. नामाला सांगितलं, शटर खाली घे. नामाने घेतलं. म्हणून पुढचं त्याने पाहिलं नाही. असं तो म्हणतो, आणि मी त्याला उलट काही विचारलं नाही, कारण मग त्यानेही मला विचारलं असतं.

तास उलटून गेल्यावर जीपमधला एक शिपाई ऑफिसच्या दारात आला. गुरुवार होता, तुझ्या आईने डब्यात वालाचं बिरडं दिलं होतं, मी अर्धी भाकरी खाल्ली होती. "शेठ, साहेबांनी सहीला बोलवलंय." मी उठलो. हातही नीट धुतला नाही, नॅपकिनला पुसत बाहेर गेलो. पिकअपच्या बाजूला चार पोती जमिनीवर ठेवलेली होती. ती गाडीतून निघाली का जीपमधून का आणखी कुठून, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पोत्यांत काय आहे हेही विचारलं नाही. दौलतने मला आणि दुसरा पंच म्हणून शटरमागून बोलावलेल्या नामाला पोत्यांशेजारी उभं केलं, मोबाइल आमच्यावरून एकदा डावीकडून उजवीकडे फिरवला, आणि चित्रीकरण झालं. जीपच्या बॉनेटवर कागद होते, वरचे लिहिलेले, खालचे दोन कोरे. त्याने बोट ठेवलं तिथे मी सही केली. कोऱ्यावरही केली. माझ्या अंगठ्याचा वालाचा पिवळा डाग कागदाच्या कोपऱ्यावर उमटला, आणि दौलत म्हणाला, "घ्या, शेठचा अंगठा पण आला." मी हसलो.

दर्शन तेव्हा जीपमधून खाली उतरवलेला होता. गाल सुजला होता. मला पाहून त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते तुला सांगायला हवं, कारण ते मी कोणाला सांगितलेलं नाही. त्याला बरं वाटलं. दोन माणसं बोलवा असं त्याने सांगितलं होतं आणि त्यांनी मला बोलवलं होतं, ज्याच्या आवारात त्याला हे शिकवलं त्याला. तो म्हणाला, "शेठ हाय ना, मंग झाला." आणि मी जिथे सही केली होती, त्याच्याखाली त्याने आपली केली. न वाचता. त्याला वाचता येतं, उन्नती. सातवीपर्यंत शिकलाय. मी वाचलं असेल म्हणून त्याने वाचलं नाही.

मी ऑफिसात परत आलो आणि उरलेली भाकरी खाल्ली.

तू विचारशील, बाबा, तू वाचलं का नाहीस. यावर मी बरेच दिवस विचार केला. आपल्याकडे सहीला बोलावलेला माणूस कागद वाचत नाही. साखरपुड्याची यादी असो, भावाभावांची वाटणी असो, गोदामवाल्याला जमीन द्यायची असो, माझ्या वडिलांना बोलावणं यायचं आणि ते शर्ट बदलून जायचे. बोलावणं हाच मान. कागद हातात घेऊन वाचायला लागणं म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्यावर अविश्वास. तुझ्या आत्याच्या साखरपुड्यात नवऱ्याच्या मामाने यादी डोळ्यांजवळ धरून वाचायला घेतली तर अर्धा मांडव उठून गेला होता. वडिलांनी त्या माणसाशी मरेपर्यंत बोलणं ठेवलं नाही. मी त्याच घरात वाढलो. पोलिसांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मला ते तसंच वाटलं. गावात एवढे लोक, पण केसरीनाथला बोलावलं. आधी अशा आठ सह्या केल्या आहेत. त्यांच्यासाठी मी सोयीचा होतो, काटा हायवेला लागून आहे, मी दिवसभर जागेवर असतो, मी प्रश्न विचारत नाही. हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं आणि तरी मान वाटत होता. त्या आठ गाड्यांच्या चालकांची नावं मला आज आठवत नाहीत. एकाचाही चेहरा आठवत नाही. काल मी जेवताना हे आठवायचा प्रयत्न करत होतो आणि ताटावरून उठलो. तुझी आई म्हणाली, काय झाला? मी म्हणालो, काय न्हाय.

सहीनंतर पाच दिवसांनी दौलतने पंचनाम्याचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. खाली लिहिलं होतं, 'शेठ पाठ करून ठेवा, दोन वर्षांनी विचारतील.' तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं. पोलिसांनी आणि आम्ही पंचांनी चालकाला आमची अंगझडती देऊ केली, ती त्याने नाकारली. चालकाला झडतीचं कारण समजावून सांगितलं, त्याने ते समजल्याचं सांगितलं. आमच्या समक्ष ताडपत्री सोडली. आमच्या समक्ष सुताच्या गोण्यांमागून चार पोती काढली. आमच्या समक्ष मोजली, सील केली. यादीची प्रत चालकाला दिली. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सुरू, दोन पंचवीसला पूर्ण. शेवटी, हा पंचनामा आम्ही वाचून पाहिला, तो आमच्या समक्ष घडल्याप्रमाणे बरोबर व खरा आहे. तुझ्या कार्डावरचं एकही वाक्य त्यात सुटलेलं नाही. ते सगळं त्यांनी पाळलं, कागदावर. मला वाटतं, आपलं पिवळं कार्ड कोणीतरी समोर ठेवून हे लिहिलं असावं. आणि प्रत्येक वाक्याच्या जागी मी उभा आहे. आमच्या समक्ष, आमच्या समक्ष.

ऑफिसच्या दारावर जो कॅमेरा आहे तो काट्याकडे बघतो. रस्ता त्यात थोडाच येतो, पिकअपचा मागचा भाग आणि जीपचं बॉनेट. पोती कुठून आली ते दिसत नाही, मध्ये एक कंटेनर उभा होता. पण मी दिसतो. दोन एकोणीसला दारातून बाहेर पडतो, दोन बावीसला परत आत. पंचनामा सव्वा तासाचा आहे आणि मी त्यात तीन मिनिटं आहे. रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं, मग त्याच्यावर नवं येतं. म्हणजे आज चार दिवस उरले आहेत. पुसलं जाऊ दे असंही माझ्या मनात आलं, ते लिहून ठेवतो. ते मी अकरा वेळा पाहिलं. आवाज नाही. एक जाडसर माणूस, पोट सांभाळत, जवळजवळ पळत जातो. नॅपकिन खांद्यावर टाकतो. जीपपुढे वाकतो. पेनाचं टोपण दातांत धरतो. हवालदार काहीतरी बोलतो आणि तो माणूस हसतो, मान हलवत, आणि सही झाल्यावरही लगेच सरळ होत नाही, वाकलेलाच राहतो, आणखी कुठे करायची आहे का म्हणून. माझं वय एकसष्ट आहे. मी स्वतःला असं कधी मागून पाहिलं नव्हतं.

गेल्या मंगळवारी दर्शनची आई आली. बुधी नाव तिचं. पाड्यावरून चालत फाट्यापर्यंत, मग दोन गाड्या बदलून. मी आत होतो. ती बाहेर काट्याच्या कडेवर टेकली, उन्हात, आणि माझ्यासमोरच्या पडद्यावर आकडा आला. चाळीस. ती उठेपर्यंत तो आकडा हलला नाही. मी चहा मागवला, तिने घेतला नाही. म्हणाली, "तुमची सही हाय, शेठ. दर्शन बोलला, शेठ व्हता, शेठला विचार. सही हाय म्हंजे तुमी पायला. मना सांगा, गाडीत काय व्हता?" मी म्हणालो, कोर्टात सांगेन. ती म्हणाली, "मना सांगा ना. मी कुठं कोरटात सांगाया चालली?" मी पडद्यावरचा आकडा बघत राहिलो. मागे तीन गाड्या हॉर्न देत होत्या. मग तिने सांगितलं की जामीन फेटाळला. सरकारने दिलेला वकील होता, त्याने दर्शनचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. कलम असं लावलंय की सहजी सुटणार नाही, म्हणाली, आणि सूतवाल्याने दुसरा चालक ठेवला. तुझ्याबद्दल म्हणाली, "तुमचे पोरीनं आदी कागुद घेतलं, मंग परत दिलं. का, तां सांगला न्हाय. पोर वाईट न्हाय. घरी पोचाया रिक्षा करून दिली." ती काट्यावरून उठली तेव्हा पडद्यावर शून्य आलं, आणि मी पुढच्या गाडीला हात केला.

तू कागद का परत दिलेस ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, आणि त्यातलं अर्धं फक्त मला. कागद तुझ्याकडे आले त्या संध्याकाळी तू फोन केलास तेव्हा आनंदात होतीस. म्हणालीस, बाबा, आपल्या काट्यासमोरच झालंय, पोराने कार्डावरचं सगळं बरोबर केलंय, असं प्रकरण पुन्हा मिळणार नाही, तू ओळखतोस का त्याला? मी म्हणालो, तो पोरगा तसलाच आहे. म्हणालो, मी तिथे होतो, माल गाडीतून निघाला तो डोळ्यांनी पाहिला, तू यात पडू नकोस. मग म्हणालीस, तू पाहिलंस ना बाबा, मग संपलं. पंच मी आहे हे मी तेव्हाही सांगितलं नाही. मी काहीही पाहिलं नव्हतं. दौलतने मला धमकावलं नव्हतं, काट्याचं काही वाकडं होईल असंही कोणी म्हणालं नव्हतं. तशी सबब असती तर लिहिताना बरं पडलं असतं. मी पोलिसांना भ्यालो नाही. तुला भ्यालो. तू ती सही पाहशील याला. पोलिसांना खोटी साक्ष दिली ती न वाचता दिली, तुला दिली ती विचार करून दिली, आणि दर्शनला आत ठेवलंय ते या दुसऱ्या साक्षीने. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं होतं, झोपही लागली. म्हणून हे पत्र आहे. प्रकरण परत घे, किंवा मी नात्यातला म्हणून तुला घेता येत नसेल तर ज्याला घेता येईल त्याला दे. सोबत त्या रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह आहे, दौलतचे फोटो आणि मेसेज आहेत, आणि हे पत्र पुरावा म्हणून लाव, एकही वाक्य सौम्य न करता. माझ्यावर जे व्हायचं ते होईल, आणि त्या आठ सह्यांचंही विचारतील, विचारू देत. तुला हे लपवावंसं वाटेल, मुलगी आहेस, म्हणून तुझ्यासाठी ती वाट ठेवली नाही. 'हात केला' इथपर्यंतची पानं आज सकाळी झेरॉक्स करून मी पाड्यावर गेलो. दर्शनची बहीण दिपिका बारावीला आहे, तिने अंगणात मोठ्याने वाचली. चार घरची माणसं जमली होती. या परिच्छेदातलं मी तोंडाने सांगितलं. मला वाटलं होतं कोणी अंगावर येईल. कोणी आलं नाही. एक म्हातारा थुंकला, तो माझ्यावर का नुसताच, ते कळलं नाही. दिपिकाने पानं नीट घडी करून आईकडे दिली, आणि बुधीने एकच विचारलं, "मंग आता कवा सोरतील त्याला?" ती वाट बघते आहे. तिला तू सांग.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा

(केसरीनाथ चांगदेव तरे)